बारशाआधी कोश उघडा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाकडे मुलगा झाला की आठवड्याभरात त्याचे आजी-आजोबा नावांची यादी घेऊन माझ्याकडे येतात. मी शाळेत संस्कृत शिकवायचे, त्याची ही पेन्शन. यादी मोबाइलवरची, आणि नावापुढे ठरलेले अर्थ: विष्णू, सूर्यकिरण, नाहीतर शांत. त्यावर जाऊ नका.

आधी नावाचे तुकडे पाडा. 'आरव'चा अर्थ यादीत 'शांत' असतो. 'रव' म्हणजे आवाज. 'आरव' म्हणजे ओरडा, गलका. पहाटे कोंबडा आरवतो, तोच हा. नाव वाईट नाही, रात्री दोन वाजता तर अगदी शोभतं, पण निमंत्रणावर 'शांत' छापू नका. 'अनिकेत' म्हणजे ज्याला घर नाही असा. गीतेच्या बाराव्या अध्यायात हे भक्ताचं कौतुक म्हणून आलंय, तेव्हा खुशाल ठेवा. बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या बापाला तेवढी आधी कल्पना द्या. शेवटी 'अंश' असलेल्या नव्या नावांत बहुधा 'अंश' तेवढा खरा. त्याआधीच्या तुकड्याला अर्थ सापडला नाही तर कानाला गोड म्हणून ठेवा, अर्थ चिकटवत बसू नका.

शोधायचं कुठे? वामन शिवराम आपट्यांच्या कोशात. फर्ग्युसनच्या प्राचार्यांनी १८९० साली काढलेला हा संस्कृत-इंग्रजी कोश आता इंटरनेटवर फुकट आहे, आणि अप्पा बळवंत चौकात विचारलंत तर छापीलही मिळेल. डेक्कन कॉलेजात याहून कितीतरी मोठ्या कोशाचं काम १९४८ पासून चाललंय, पण तिथे अजून 'अ'च सुरू आहे. 'क्ष'वरून नाव हवं असेल तर आपटेच बरे.

संस्कृत कोशात नाही म्हणून नाव टाकाऊ होत नाही. 'कबीर' अरबी, अर्थ थोर. 'कियान' फारसी, इराणच्या पुराणकथांतल्या कयानी राजांची आठवण त्यात आहे. 'साहेबराव', 'गुलाबराव' ही तर अस्सल घरची वाटतात, पण 'साहेब' अरबी आणि 'गुलाब' फारसी.

घरातली जुनी नावंही विचारा. मुलं जगत नसत तेव्हा नजर लागू नये, मूल टिकावं म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावं ठेवायचे. धोंडो केशव कर्वे १०४ वर्षं जगले. नावाचं श्रेय किती ते तुम्ही ठरवा.

नावरस अक्षरावरून भांडू नका. पुष्य नक्षत्राच्या चौथ्या चरणाला 'डा' येतं. ते नाव पत्रिकेत राहू द्या, हाकेला दुसरं ठेवा. ठरलेलं नाव बापाच्या नावासकट आणि आडनावासकट मोठ्याने म्हणून बघा, मग जिन्यातून एकदा हाक मारा. जीभ अडखळली तर पुढचं नाव घ्या.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे बाराव्या दिवशी आत्याने कुर्र केलं तरी दाखल्यासाठी थोडा वेळ हाताशी असतो. त्या वेळात इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि कागदावर लिहून बापाच्या खिशात ठेवा. खिडकीवर गेल्यावर 'एक ए की दोन' असा फोन घरी येता कामा नये.