नट-वायसरचे दागिने करताना या चुका टाळा

पुण्याच्या बोहरी आळीत शंभर ग्रॅम वायसर मागितले की दुकानदार हसतो, पण देतो. घरी पोचल्यावर लोकांना लगेच हार ओवायचा असतो. अहो, आधी धुवा तरी! मालाला तेल असतं. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश.

आता निळ्या रंगासाठी नट तापवण्याबद्दल. चकचकीत नट म्हणजे बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. हे मला ठाऊक नव्हतं. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं होतं, एवढंच ऐकलं होतं. वाऱ्याने ज्योत हलते म्हणून खिडक्या लावल्या (शाबास!) आणि गॅसची टॉर्च पेटवली. रंग येईना. येणार कसा, पोलादावर जस्त बसलेलं! मी आपली तापवत राहिले. पांढरा धूर निघाला, नटावर भुकटी धरली. संध्याकाळी ठणठणीत होते. रात्री अकराला दोन गोधड्यांखाली दातावर दात आपटत होते, तोंडात नाणं चघळल्यासारखी चव. आई मलेरियावर ठाम. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "दुपारी काय उद्योग केलास?" वेल्डिंगवाल्यांना हा ताप जुना ओळखीचा आहे. जस्ताचा धूर नाकात गेल्यावर काही तासांनी चढतो आणि साधारण एक-दोन दिवसांत उतरतो.

तेव्हापासून मुलाम्याचा नट मी तापवतच नाही. व्हिनेगरमध्ये जस्त उतरतं हे खरं, पण आट्यांत राहिलेलं दिसत नाही. निळा रंग हवाच असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून काळे, बिनमुलाम्याचे वायसर आणते आणि गच्चीवर तापवते. पितळेतही जस्त असतं, तेव्हा तिथेही हौस आवरा.

दुसरा माझा राग वायसर जोडायच्या तारेच्या कड्यांवर. कडी उघडताना टोकं डावी-उजवीकडे फाकवतात. गोल एकदा बिघडला की टोकं पुन्हा नीट जुळत नाहीत, आणि हार चालता चालता सुटतो. एक टोक पुढे, एक मागे, बंद करतानाही तसंच. त्यासाठी दोन पकडी लागतात. "एकीवर भागवते" म्हणणाऱ्या मैत्रिणीचे वायसर अजून तिच्या सोफ्याखाली सापडतात.

तांब्याची तार चुकली म्हणून चार वेळा सरळ करू नका. ती कडक होत जाते आणि तुटते. मोटर रिवायंडिंगवाल्याकडच्या तारेवर इनॅमलचा लेप असतो, ती मऊ करायला जाळू नका. तांब्याने कातडी हिरवी होते, तो डाग साबणाने जातो. काळवंडलं तर चिंच-मीठ.

झटपट गोंद धातूवर लवकर सुटतो. पॉलिश पेपरने घासा, दोन ट्यूबवाला इपॉक्सी लावा आणि चोवीस तास हात लावू नका. रात्रीतून बघायला उठणारे मला माहीत आहेत.

कानातल्यांचे हुक मात्र सराफाकडून चांदीचेच. हार्डवेअरच्या मालावर निकेल असू शकतं, आणि टोचलेल्या भोकात ते गेलं की कुणाकुणाचा कान आठवडाभर सुजतो.