टुणूक टुणूक भोपळा: पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी वेश

केशरी सुती कापड घ्या, ४४ इंची पन्ह्याचं, दीड मीटर. साटीन चमकतं, पण कोकणातल्या दमट हवेत ते अंगाला चिकटतं आणि मूल पाचव्या मिनिटाला रडतं.

दीड मीटरची बाजू घेराला ठेवा. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच्या मापात २५ सेंमी मिळवून उंची कापा. हे जादा कापडच फुगतं, त्यामुळे इथे कंजूषी नको. उभी शिवण घालून नळी करा. वर आणि खाली अडीच सेंमीच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवा. गळ्याला ३८ सेंमी पुरे, डोक्यातून जातंय ना ते आधी पाहा. खाली ६५ सेंमी ठेवा. त्याहून घट्ट केलं तर पावलं अडखळतात, आणि भोपळ्याला उड्या तर मारायच्याच असतात! हातांसाठी दोन्ही बाजूंना १८ सेंमीच्या चिरा.

फुगवट्यासाठी वर्तमानपत्र कोंबू नका, दमटपणाने ते तासाभरात बसतं. अर्ध्या इंची स्पंजच्या आठ उभ्या पट्ट्या आतून टाचा. प्रत्येक टाक्यावर बाहेरून तपकिरी लोकरीचा धावदोरा घातला की फाकी उठून दिसतात.

देठाला पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, उत्तम. अर्धा तास भिजवा, सुरळी करा, सुतळीने करकचून बांधून रात्रभर वाळवा. ओलीच सोडलीत तर उलगडते. मग हिरव्या टोपीवर दाभणाने शिवा. गोंद इथे टिकत नाही.

टोपीखालून कापसाच्या चार बटा सोडल्या की आतली म्हातारीही झाली.