समुद्रकिनारी फोटो काढताना मनातलं कसं टिपावं?

कॅमेरा बाहेर काढण्याआधी काय दाखवायचंय ते ठरवा. हुरहुर, संताप, कुणाची वाट पाहणं, सोसणं यांतला एकच भाव निवडा. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ पासून कित्येक वर्षं ढगांचे फोटो काढले, पुष्कळदा क्षितिजही चौकटीबाहेर ठेवून. जागेची खूण दिसेनाशी झाली की पाहणारा त्यात स्वतःचं काही शोधू लागतो.

मग भरती-ओहोटी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे कळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला संध्याकाळी पाणी पुळणीवर चढलेलं असतं, तर पौर्णिमा-अमावास्येला त्याच सुमारास लांब गेलेलं, आणि ओल्या वाळूत आकाश उतरलेलं. वियोग दाखवायचा तर हीच वेळ गाठा.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी खडकाला जाळीसारखी भोकं पाडली आहेत. एकाच खळग्यावर नजर ठेवून बसा. लाट येते, खळगा भरतो, पाणी चिरेतून निघून जातं, फेस मात्र कडेला थरथरत राहतो. सोसणं दाखवायला याहून बोलकं रूप मला ठाऊक नाही. हे सगळं ओहोटीतच करा. भरतीच्या वेळी या खडकांवर उतरू नका, इथून माणसं वाहून गेली आहेत.

संताप हवा असेल तर शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा, उसळलेला थेंब न थेंब जागीच थिजतो. हुरहुरीसाठी ट्रायपॉड लावून अर्धा ते एक सेकंद द्या, परतणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात. ३० सेकंदांत समुद्राचं धुकं होतं, पण तो परिणाम आता फार सरावाचा झालाय, मी टाळतो. मोबाइल असेल तर काळ्या खडकावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि उजेड थोडा उतरवा, नाहीतर खडक राखाडी पडतो. काचेवर खार बसतो, मऊ फडक्याने पुसत राहा.

वारा टिपायचा तर गुहागरच्या सुरूंचे शेंडे बघा. १/१५ ला ते पुसट होतात, खोड ठाम राहतं. मनाची घालमेल दाखवायला एवढं पुरतं.

फोटो कुणाला दाखवताना शीर्षक देऊ नका. समोरच्याने नुसतं गावाचं नाव ओळखलं, तर चौकट आणखी आवळा.