वर्कशॉपमधल्या स्टिकी नोट्स सारख्या पडत असतील तर
सोलापुरात उन्हाळ्यात अजाईलचं (काम छोट्या छोट्या टप्प्यांत करायच्या पद्धतीचं) वर्कशॉप घ्यायचं म्हणजे पारा ४० च्या वर, पंखे फुल स्पीडवर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कानबान बोर्डवरच्या (म्हणजे कुठलं काम कुठवर आलं ते रकान्यांत दाखवणाऱ्या फळ्यावरच्या) निम्म्या नोट्स फरशीवर, मग कुठली 'चालू'मधली आणि कुठली 'झालं'मधली यावरच पोरांचा अर्धा तास जातो.

खरी गडबड नोट काढण्यात असते. आपण ती खालून वर ओढतो, त्याने ती वळते आणि खालून वारं शिरतं.

१. चिकट कड वरच्या बाजूला ठेवून गड्डी धरा आणि नोट आडवी सोला, म्हणजे डावीकडून उजवीकडे. एकदम सपाट राहते.

२. चुन्याच्या भिंतीवर थेट लावू नका, भुकटी लागते. चार्ट पेपर किंवा जुन्या कॅलेंडरची गुळगुळीत पाठ चारी बाजूंनी टेपने चिकटवा, त्यावर लावा.

३. लावल्यावर चिकट पट्टीवरून अंगठा दाबून फिरवा.

आणि लिहायला जाड मार्करच द्या, बॉलपेनचं मागच्यांना दिसत नाही आणि मग ती पोरं गप्पच बसतात, ते मला अजिबात बघवत नाही.

फक्त सुट्टीला जाण्याआधी बोर्डचा मोबाईलवर फोटो काढाच, आणि पडलेली नोट परत चिकटवत बसू नका, धूळ लागलेली असते, नवीनवर लिहा.