अपडेट फसलंय? दुरुस्तीला बसण्याआधी एवढं जमवा

विंडोजचं अपडेट फसलं की हात आपोआप 'रिट्राय'कडे जातो. तो जरा आवरा आणि कागद-पेन घ्या. सेटिंग्जमधली अपडेट हिस्टरी उघडा, फसलेल्या अपडेटचा केबी क्रमांक (म्हणजे 'केबी'ने सुरू होणारा अपडेटचा नंबर) आणि त्याचा एरर कोड उतरवून घ्या. मोबाइलने फोटो काढलात तरी चालेल, पण स्क्रीनशॉट त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका. उद्या तो सुरूच झाला नाही तर बघणार कशात?

कोड दिसायला भयानक असला तरी निम्मं निदान त्यातच असतं. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७३७१२ म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फायलींत गडबड आहे. सी१९००१०१ बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, बोट दाखवतो. कोड न बघता दुरुस्ती केली की काय होतं, ते जानेवारी २०२४मध्ये दिसलं. विंडोज १०चं केबी५०३४४४१ हे अपडेट अनेकांकडे ८००७०६४३ दाखवून पुन्हा पुन्हा फसत होतं. लोक सी ड्राइव्ह साफ करत बसले आणि जागा कमी पडत होती भलतीकडेच: रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कवर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या भागात, २५० एमबी मोकळी हवी होती आणि ते पार्टिशन एरवी कुणाला दिसतही नाही. विंडोज १०वरच असाल आणि अपडेट फसण्याऐवजी येणंच थांबलं असेल, तर कदाचित बिघाड काहीच नसेल. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

आता बॅकअप. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी झाल्यावर त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मग डिस्क काढून ठेवा.

यानंतरची गोष्ट लोक हमखास विसरतात, मीही विसरलो होतो: बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दुरुस्तीच्या भरात बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की निळा स्क्रीन येतो आणि ४८ अंकी आकडा, म्हणजे हीच की, मागतो. माझ्याकडे तो होता, पण त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर, टेक्स्ट फाइलमध्ये! शेवटी फोनवरून अकाउंटमध्ये शिरून सहा-सहा अंकांचे आठ गट वाचत, एकेक टाइप करत बसलो. तेव्हा अकाउंटमध्ये की आहे ना ते आजच तपासा आणि कागदावर लिहून ठेवा. त्या अकाउंटचा पासवर्ड आठवतोय ना, तेही बघा.

विंडोज पुन्हा बसवायची वेळ आलीच तर किमान ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह लागेल. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून आधी तो रिकामा करा. त्यावर विंडोजचा सेटअप भरणारं मीडिया क्रिएशन टूल मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. कॉम्प्युटर चालू होतोय तोवरच पेन ड्राइव्ह तयार करून घ्या, नंतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरसाठी धावाधाव होते.

जागेचं म्हणाल तर मोठ्या वार्षिक अपडेटसाठी मी सी ड्राइव्हवर तीसेक जीबी मोकळी ठेवतो. साफसफाईच्या यादीत सरसकट टिक मारत सुटू नका. तिथे 'डाउनलोड्स'ही असू शकतं आणि आधीच्या विंडोजची प्रतही. ती प्रत पुसली की जुन्या आवृत्तीवर परतायची वाट बंद. एरवी ती साधारण १० दिवस उघडी असते.

प्रिंटर, कार्ड रीडर, जास्तीचे यूएसबी काढून ठेवा, कीबोर्ड-माउस पुरे. वेगळा अँटिव्हायरस घातला असेल तर तात्पुरता बंद करा. लॅपटॉप चार्जरला लावा. घड्याळावरही एक नजर टाका: तारीख चुकीची असेल तर सुरक्षित कनेक्शनच होत नाही आणि दोष इंटरनेटवर जातो. जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ सारखं मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल बदलायला आलाय.

हे सगळं हाताशी असलं की बसा, पण निवांत वेळ काढून. आधी साधा रीस्टार्ट, मग सेटिंग्जमधला ट्रबलशूटर. त्याने भागलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडून विंडोजच्या फायली दुरुस्त करणारी दोन साधनं चालवा: आधी डिझमची रिस्टोअर हेल्थ कमांड आणि नंतर एसएफसी स्कॅन नाऊ. क्रम उलटा करू नका. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली उचलतं, तो साठाच डिझम दुरुस्त करतं. डिझम ६२.३ टक्क्यांवर जाऊन बराच वेळ ढिम्म बसतं. ते बंद पडलंय असं समजून खिडकी बंद करू नका, चहा करून या. अपडेटच अर्धवट उतरलेलं असेल तर अपडेटच्या सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) थांबवा आणि विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन' या, उतरवलेली अपडेट्स ठेवणाऱ्या फोल्डरचं नाव बदला. विंडोज नवा फोल्डर बनवून घेतं, आणि नुसतं नाव बदललेलं असल्याने गरज पडली तर जुना परत आणता येतो.

एवढ्यानेही हललं नाही तर तो पेन ड्राइव्ह लावा. मात्र त्यावरून बूट करू नका, म्हणजे कॉम्प्युटर त्यावरून सुरू करू नका. विंडोज चालू असताना, आतूनच, त्यातला सेटअप चालवा आणि 'फायली आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडा. विंडोज नव्याने बसतं, तुमचं सामान जागच्या जागी राहतं. पेन ड्राइव्हवरून बूट केलंत तर हा पर्याय मिळत नाही. तिथून नवं विंडोज घातलं की सगळी ॲप्स पुन्हा बसवावी लागतात.