संग्रह घेण्याआधी वाचकांची मतं अशी वाचा

ऑनलाइन दुकानात सुपरहिरो कॉमिक्सच्या कुठल्याही गाजलेल्या संग्रहाखाली, म्हणजे सुटे अंक एकत्र बांधलेल्या पुस्तकाखाली, वाचकांच्या मतांचा ढीग पडलेला असतो आणि बहुतेक जण वरचे तारे बघूनच पैसे भरतात. परदेशी छपाईचे हे संग्रह स्वस्त नसतात, म्हणून अर्धा तास काढून मतं नीट वाचाच असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मी पुण्यात ऑफसेट प्रेसमध्ये रंग जुळवण्याचं काम करतो, त्यामुळे माझी नजर आधी कागदावर आणि शाईवर जाते. पण खाली सांगतोय ते कुणालाही जमेल.

मत वाचताना आधी एवढंच ठरवा: हा माणूस गोष्टीबद्दल बोलतोय की हातातल्या पुस्तकाबद्दल? एक तारा दिलेली मतं सगळ्यात आधी उघडा. त्यातली बरीचशी ‘कोपरा दुमडून आला’, ‘वेष्टन फाटलं होतं’ अशी असतात. ती पार्सलबद्दलची, बाजूला ठेवा. मात्र ‘दोन पानांवर पसरलेलं चित्र मधल्या खाचेत गेलं’ असं तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल, तर ते गंभीरपणे घ्या. जाड संग्रह दोऱ्यानं शिवलेला असेल तर बऱ्यापैकी सपाट उघडतो. नुसत्या गोंदावर चिकटवलेला असेल तर कण्याजवळची पट्टी दिसतच नाही, आणि जोर लावून उघडलं की पानं सुटायला लागतात. चित्रकारानं चेहरा नेमका तिथेच काढलेला असेल तर तो गेला. गोष्टीला पाच तारे देणारा वाचक बांधणीबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून ही माहिती तक्रारींतच शोधावी लागते.

आवृत्ती कुठली ते आधी ओळखा

ऑनलाइन दुकानात हार्डकव्हर, पेपरबॅक आणि डिजिटल अशा सगळ्या आवृत्त्यांची मतं एकाच ठिकाणी गोळा झालेली असतात. त्यामुळे दोन माणसं एकमेकांच्या अगदी उलट लिहितात आणि दोघंही खरं बोलत असतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’.

हे पुस्तक १९८८ साली डीसी या अमेरिकी प्रकाशनानं काढलं. लेखन ॲलन मूर यांचं, चित्रं ब्रायन बोलंड यांची आणि रंग जॉन हिगिन्स यांचे. हिगिन्सनी भडक नारिंगी, जांभळा, हिरवा असे रंग वापरले. बॅटमॅनचा शत्रू जोकर याच्या जत्रेचं मैदान बघताना डोकं गरगरतं. बोलंडना स्वतःला ते रंग पसंत नव्हते. २००८च्या डिलक्स आवृत्तीसाठी त्यांनी सगळं पुस्तक नव्यानं रंगवलं. रंग थंड आणि संयत झाले. जोकरच्या भूतकाळातले प्रसंग जवळपास काळे-पांढरे झाले आणि त्यांत एखादीच वस्तू तांबडी राहिली. बॅटमॅनच्या छातीवरच्या वटवाघळाभोवतीचा पिवळा लंबगोलही काढून टाकला.

आता मतं वाचा. कुणी ‘रंगांनी वेड लावलं’ म्हणतो, कुणी ‘रंगांतली जान गेली’ म्हणतो. छातीवरच्या पिवळ्या गोलाचा उल्लेख आला किंवा वाचकानं पानाचा फोटो टाकला असेल, तर त्याच्या हातात कुठली आवृत्ती होती ते लगेच कळतं. माझं मत विचाराल तर भूतकाळाची पानं नव्या आवृत्तीत जास्त परिणाम करतात, आणि जत्रेची पानं मात्र हिगिन्सचीच हवीत. तिथे वेडेपणा रंगातूनच अंगावर येतो. तो थंड केला की गोष्टीचा एक आवाजच कमी होतो.

रंगांबद्दलच्या तक्रारींमागे छपाईचं एक साधं कारण अनेकदा असतं. जुनी कॉमिक्स न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, छापली जायची. तो कागद शाई पितो, रंग ज्या बारीक ठिपक्यांनी छापतात ते पसरतात, आणि वर कागद स्वतःच मळकट असतो. म्हणून रंग देणारे मुद्दाम जोरदार रंग निवडत. तेच रंग जसेच्या तसे गुळगुळीत पांढऱ्या आर्ट पेपरवर छापले की डोळ्यांत घुसतात. प्रेसवर आम्ही भिंग लावून बघतो तेव्हा हा फरक स्पष्ट दिसतो: न्यूजप्रिंटवर ठिपक्याची कड फुटलेली आणि शेजारच्या ठिपक्याला चिकटलेली, आर्ट पेपरवर ती गोल आणि धारदार. तेव्हा ‘रंग फार भडक’ असं कुणी लिहिलं तर लगेच रंगकाराला दोष देऊ नका. कागद चकचकीत आहे की मॅट, हे दुसऱ्या मतांत शोधा.

‘बॅटमॅन: इयर वन’चंही असंच. १९८७ साली ‘बॅटमॅन’ मासिकाच्या ४०४ ते ४०७ या अंकांत ती गोष्ट आली. लेखक फ्रँक मिलर, चित्रकार डेव्हिड माझुकेली, रंग रिचमंड लुईस यांचे. पुढे संग्रह निघाला तेव्हा लुईस यांनी चांगल्या कागदाचा विचार करून रंग पुन्हा केले. सुटे अंक जपून ठेवलेला वाचक आणि संग्रह वाचलेला वाचक वेगवेगळ्या रंगांबद्दल बोलतात, हे डोक्यात ठेवूनच त्यांचा वाद वाचा.

गोष्टीबद्दलची मतं

इथे माझी कसोटी एकच: मतात एखादा प्रसंग, एखादं पान सापडतं का? ‘मस्ट रीड’, ‘भारी’, ‘बकवास’ यांतून काहीच हाती लागत नाही. ‘किलिंग जोक’मध्ये जोकर बार्बरा गॉर्डनला, म्हणजे पोलीस आयुक्तांच्या मुलीला, गोळी घालतो आणि ती कमरेखाली अधू होते. अनेक वाचकांना, विशेषतः स्त्री-वाचकांना, हे खटकतं. पुरुष पात्रांच्या दुःखासाठी एका बाईची वासलात लावली, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. कॉमिक्स-लेखिका गेल सिमोन यांनी १९९९ साली कॉमिक्समधल्या अशा स्त्री-पात्रांची यादीच केली होती, तीत बार्बराही आहे. याच पात्राला १९८९मध्ये किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखकांनी ‘ओरॅकल’ या माहितीतज्ज्ञ नायिकेच्या रूपात नव्यानं उभं केलं, हेही जाणते वाचक आवर्जून लिहितात. असं एक मत वाचलं तरी हे पुस्तक बारा वर्षांच्या पुतण्याला द्यायचं नाही, हे तुम्हाला कळतं. पाच तारे ते सांगत नाहीत.

वाचकानं गोष्ट कशी वाचली तेही बघा. स्पायडरमॅनची ‘क्रेव्हन्स लास्ट हंट’ १९८७ साली तीन वेगवेगळ्या मासिकांतून, प्रत्येकी दोन भाग, अशी आली. स्पायडरमॅनला जिवंत पुरलं जातं, आणि पुढे काय झालं ते कळायला तेव्हाच्या वाचकाला दुसऱ्या मासिकाची वाट पाहावी लागे. आज संग्रहात सहाही भाग एका बैठकीत संपतात. मग ‘तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं’ ही तक्रार नवा वाचक करतो आणि जुन्याला तीच लय वाटते.

अजून काही वाचलेलंच नसेल, तर ‘आधीचं माहीत नसताना घेतलं’ असं लिहिणाऱ्याचं मत शोधा. जुन्या चाहत्याला हा अंदाज येत नाही. कमला खानच्या ‘मिस मार्व्हल’च्या पहिल्या संग्रहाला २०१५चा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी-अमेरिकी घरातली ही मुलगी नव्या वाचकाला अगदी सोपी जाते. मात्र पहिल्या भागात गोष्ट संपत नाही.

वेताळाबद्दल (म्हणजे फँटमबद्दल) आपल्याकडची मतं वाचताना मी वय बघतो. त्याच्या गोष्टी आपल्याकडे छापणारी इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालली. त्या काळी शाळेत असलेला माणूस खोपडी-गुहेबद्दल लिहितो तेव्हा त्यात सुट्टीतली दुपार मिसळलेली असते. ते प्रेम खरं आहे आणि मलाही आहे. पण आजच्या मुलाला ते आवडेल का, हे दहा वर्षांच्या पोराच्या आईनं लिहिलेल्या दोन ओळींतून जास्त कळतं.

आणि पुस्तक घेतलंत की स्वतःचं मत जरूर लिहा. कॉपीराइटच्या पानावरचं छपाईचं वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि संग्रहात कुठले अंक आहेत ती ओळ तशीच उतरवा. शेवट फोडू नका. पुस्तक मध्यभागी उघडून, हातानं न दाबता, एक फोटो काढा म्हणजे खाच किती खोल आहे ते दिसेल. दुसरा फोटो रंगीत पानाचा, खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली काढलात तर पांढरं पिवळं दिसतं आणि निळा मळकट होतो, आणि पुढचा माणूस त्यावरून रंग खराब आहेत असं समजून बसतो.