ग्रीक पुराणकथांवरील मालिका कशा पाहाव्यात

मराठवाड्यात गावोगावच्या सप्ताहांत काल्याचे कीर्तन ऐकत वाढलेल्या श्रोत्याला कृष्णकथा पाठ असते. त्याचे लक्ष असते ते यंदाच्या महाराजांनी काय वाढवले, काय गाळले याकडे. ग्रीक पुराणकथांवरील दूरचित्रवाणी मालिका पाहताना हीच सवय उपयोगी पडते.

मालिका निवडल्यावर तिचे मूळ कोणत्या ग्रंथात आहे ते शोधावे आणि तेवढाच भाग आधी वाचावा. ग्रीक कवी होमरचे ट्रॉयच्या युद्धावरील ‘इलियड’ हे सगळे महाकाव्य संपवून मगच टीव्ही लावायचा असे ठरवले, तर दोन्ही राहून जाते. २०१८ मधील ‘ट्रॉय: फॉल ऑफ अ सिटी’ या ८ भागांच्या मालिकेसाठी इलियडचे पहिला आणि चोविसावा हे सर्ग पुरेत. होमर युद्धाच्या दहाव्या वर्षी ग्रीक वीर अकिलीसच्या क्रोधापासून आरंभ करतो आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी थांबतो, तर मालिका हेक्टरचा भाऊ पॅरिस याच्या तारुण्यापासून नगराच्या पाडावापर्यंत जाते. ज्यात लपून ग्रीक सैनिक नगरात शिरले त्या लाकडी घोड्याचा प्रसंग इलियडमध्ये नाहीच. तो होमरच्याच ‘ओडिसी’त थोडक्यात आणि रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनिड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात सविस्तर येतो.

वहीचे पान उभे दुमडून डावीकडे ग्रंथातील आणि उजवीकडे पडद्यावरील प्रसंग लिहावा. दोष कोणाच्या माथी मारला आहे, हे सर्वांत बारकाईने टिपावे. १९९५ साली सुरू झालेल्या ‘हर्क्युलीस: द लेजेंडरी जर्नीज’मध्ये नायकाची पत्नी व मुले देवराज झ्यूसची पत्नी हेरा हिच्या अग्निगोळ्याने मरतात आणि नायक निष्कलंक राहतो. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या शोकांतिकेत वेड हेराच धाडते, परंतु पत्नी मेगारा आणि मुले हेराक्लीसच्याच (हर्क्युलीसचे ग्रीक नाव) हातून मारली जातात. शुद्धीवर येतो तेव्हा तो खांबाला बांधलेला असतो आणि घडलेला प्रकार त्याला वृद्ध पिता अँफिट्रायनकडून कळतो. दर आठवड्याला ज्याचा जयजयकार करायचा, त्या नायकाला हा भार पेलवणार नाही असे निर्मात्यांना वाटले असावे. माझ्या मते मात्र कथेचा प्राणच त्यामुळे गेला.

२०२४ मधील ‘काओस’ ही मालिका आजच्या काळात घडते. कपाळावरच्या एका सुरकुतीने धास्तावलेल्या झ्यूसची गंमत मूळ कथा ठाऊक असेल तरच कळते, म्हणून ती शेवटी पाहावी. शिवाय ती प्रौढांसाठी आहे.

शाळेत हा उपक्रम घेणाऱ्यांनी जिम हेन्सन यांच्या ‘द स्टोरीटेलर: ग्रीक मिथ्स’चे ४ छोटे भाग निवडावेत, कारण एका तासिकेत एक भाग बसतो. (पैठण आणि तेर या आपल्या गावांची नोंद ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात बाजारपेठा म्हणून आहे, हेही मुलांना जाता जाता सांगावे.) विजेचा भरवसा नसेल तर भाग आदल्या दिवशीच उतरवून ठेवावा. मृत पत्नीला पाताळातून परत आणू पाहणाऱ्या ऑर्फियसच्या भागात तो मागे वळून पाहण्यापूर्वी चित्र थांबवावे, पुढे काय होईल ते मुलांकडून वहीत लिहून घ्यावे आणि मगच उरलेला भाग लावावा.